पाण्याची केमिस्ट्री : बेळगाव, खानापूर, अथणी भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळं लग्नात, बाजारात, बसमधे लोकं पाण्याचं काहीतरी विचारतातच. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, आमचं पाणी चांगलं आहे का?" याला सरळ उत्तर नाही, कारण नळातनं, बोरमधनं किंवा नदीतनं येणारं पाणी म्हणजे कधीच नुसतं पाणी नसतं, वाटेत जे भेटलं ते विरघळवून घेऊन आलेलं असतं. काय विरघळलंय आणि किती, हे विचारलं की मग बोलता येतंय. खालचे प्रश्न तसेच ठेवलेत जसे विचारले गेले, क्रम बिम काही लावलेला नाही.

एच टू ओ तर सगळ्यांना पाठ आहे, मग पाण्यात एवढं विशेष काय?

एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, इथपर्यंत सातवीतलं पोरगं पण सांगतंय. पुढची गोष्ट अशी की हे तिघं एका सरळ रेषेत बसलेले नाहीत, ऑक्सिजन मधे आणि दोन हायड्रोजन दोन बाजूला वाकून, त्यांच्यातला कोन साधारण १०४.५ अंशाचा. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची हाव जास्त, तो दोघांचे इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढून बसतो, त्यामुळं त्याच्या बाजूला थोडा ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार येतो. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकाला रद्द झाली असती (कार्बन डायऑक्साईडचं तसंच होतं) पण हा वाकडा, म्हणून रद्द होत नाही. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडं ओढला जातो, त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. बंध कच्चा असतो, सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात तुटतो आणि दुसऱ्याशी जुळतो. गौरीच्या रात्री झिम्मा खेळणाऱ्या बायका कशा एकीला टाळी देऊन लगेच दुसरीकडं वळतात, जोडी सारखी बदलते पण खेळ मोडत नाही, तसं समजा.

याचा फरक किती पडतो ते बघायचं असेल तर हायड्रोजन सल्फाईड घ्या, गटारातल्या साचलेल्या गाळातनं सडक्या अंड्याचा वास येतो ना तोच वायू. रचना पाण्यासारखीच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक, वजनानं पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तरी उणे ६० डिग्रीलाच उकळून जातो कारण त्याच्यात ही पकड फारशी नाही. ऑक्सिजनच्या जागी गंधकासारखी मूलतत्त्वं असलेल्या त्या घराण्याच्या हिशेबानं पाणी तर उणे ८० च्या आसपासच उकळायला पाहिजे होतं. तसं असतं तर कणकुंबीला मलप्रभा उगवली नसती की गोकाकला धबधबा नसता, सगळी नुसती वाफ, आणि ते बघायला आपण पण नसतो.

खाली जे काय येणार आहे, फेस, माठ, ऊस, मासे, ते फिरून फिरून याच वाकड्या रेणूपाशी येतं.

पाणी दोन वायूंचं बनलंय हे कुणाला पहिल्यांदा कळलं? घरी दाखवता येईल का?

हजारो वर्षं लोकं पाण्याला मूलतत्त्वच समजत होती, आपल्याकडं पंचमहाभूतात आणि ग्रीकांकडं पण. १७८० च्या दशकात इंग्लंडमधे कॅव्हेंडिशनं हायड्रोजन जाळून पाणी मिळवलं, फ्रान्समधे लाव्हॉझिएनं १७८३ ला सांगितलं की पाणी हे संयुग आहे, आणि १८०० साली निकल्सन आणि कार्लाईल यांनी उलटं करून दाखवलं, पाण्यातनं वीज सोडून वायू वेगळे केले.

घरी करायचं तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, आणि ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा. वायरनं बॅटरीची दोन टोकं पेन्सिलींच्या शिशाला जोडायची, दुसरी टोकं पाण्यात. ऋण बाजूला बुडबुडे जास्त दिसतात, तो हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. सोड्याऐवजी मीठ घालू नका, मीठ घातलं की क्लोरीन सुटतो आणि तो नाकात जायला नको. आणि घरातल्या प्लगला वायरी जोडायचा खुळेपणा कुणी करू नये, हे वेगळं सांगायची गरज नाही पण सांगतो.

आमच्या बोरच्या पाण्याला साबणाचा फेसच येईना की, गिझर पण दरवर्षी जातो. काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि तो येतो पण ठराविक बाजूनं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा माणूस सहसा विचारत नाही, अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्तीकडचा हमखास विचारतो. जमिनीतच उत्तर आहे.

पावसाचं पाणी खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळवून घेतं त्यामुळं ते मुळातच किंचित आंबट असतं, स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, ७ च्या खाली आंबट) पण ५.६ च्या आसपास. मातीत शिरलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला आणखी कार्बन डायऑक्साईड मिळतो. हे आंबट पाणी चुन्याच्या खड्यातनं झिरपलं की चुना विरघळतो, त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्याबरोबर बोरमधे येतं. पश्चिमेला घाटमाथ्यावर एवढा पाऊस की तिथल्या तांबड्या जांभ्यातला चुना कधीच धुऊन गेलाय, म्हणून पाणी हलकं. पूर्वेला पाऊस कमी, काळी माती, मातीत चुनखडीचे खडे, आणि यादवाड-लोकापूरच्या पट्ट्यात तर चुनखडीचे थरच, सिमेंटचे कारखाने तिथं उगाच नाहीत. तिकडचं पाणी जड म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम भरलेलं.

साबणाचं असं की साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून मळ सुटतो. जड पाण्यात कॅल्शियम येऊन ते पाण्याकडचं टोकच पकडून टाकतो, मग फेसाऐवजी पांढरट चिकट साका तयार होतो, बादलीच्या कडेला बोटानं खरवडता येतो बघा, तोच. साबण आधी सगळा कॅल्शियम संपवणार आणि मग उरला तर फेस. डिटर्जंट पावडरचं रसायन वेगळं, ते कॅल्शियमबरोबर असं गोठत नाही म्हणून कपड्याला चालतं.

गिझरमधे काय होतं, पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि चुना परत दगड होऊन कॉइलवर बसतो. थर उष्णतेला अडवतो, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि जाते. जुन्या तांब्याच्या बंबात पण तळाला असाच थर असायचा, फक्त बंबाला कॉइल नव्हती म्हणून जळायचं काही नव्हतं. तो पांढरा तुकडा लिंबाच्या रसात टाकून बघा, बुडबुडे येतात, पावसात जो वायू विरघळून आला होता तोच परत सुटतो. व्हिनेगरनं किंवा सायट्रिक आम्लानं थर काढता येतो, प्लंबरकडनं वर्षातनं एकदा करून घ्या, कॉइलपेक्षा स्वस्त पडतंय.

उकळून जो जडपणा जातो त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट, क्लोराईडचा जो असतो तो उकळून जात नाही, त्याला सॉफ्टनर लागतो, म्हणजे कॅल्शियम घेऊन त्याबदली सोडियम देणारं राळेचं मशीन. भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. जड पाणी पिऊन तब्येतीला तसा धोका नाही, कॅल्शियम पोटात गेलं तर वाईट काय? त्रास आहे तो भांड्यांना, गिझरला आणि केसांना.

बोरचं पाणी काढल्यावर स्वच्छ, तासाभरानं तांबडं कसं होतं? चहा पण काळा होतो.

लोखंड. जमिनीखाली ऑक्सिजन नाही, तिथं लोखंड विरघळलेल्या रूपात असतं आणि दिसत नाही. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तळाला तांबडा गाळ बसतो. चहा काळा पडतो कारण चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, पूर्वी शाई याच तत्त्वावर करायचे. पाणी घागरीतनं घागरीत उंचावरनं ओतून हवा खेळवा, रात्रभर बसू द्या, सकाळी वरचं गाळून घ्या, बरंच कमी होतं.

तूरडाळ शिजतच नाही, पाण्याचा दोष की डाळीचा?

दोन्ही असू शकतात, जुनी डाळ मुळातच हट्टी. पण पाण्याचा भाग असा, डाळीच्या पेशी एकमेकाला पेक्टिननं चिकटलेल्या असतात आणि जड पाण्यातला कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतो. म्हणून बायका चिमूटभर सोडा टाकतात, सोड्यानं पेक्टिन लवकर सुटतं, डाळ मऊ होते, मात्र ब-१ जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. त्यापेक्षा भिजत घाला आणि डाळीपुरतं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

दुसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब कमी, त्यामुळं इथं पाणी १०० ला उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या जवळपास उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यात त्याच्या वर जात नाही, जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते. चोर्ल्याचा घाट उतरून पणजीला गेलं की तेच पाणी पूर्ण १००. कुकरमधे दाब वाढतो आणि पाणी १२० च्या आसपास पोचतं, म्हणून कुकर.

टीडीएस किती पाहिजे? फिल्टरवाला मीटर घालून दाखवतो आणि घाबरवतो.

टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज. मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालेल असं आहे. खिशातला मीटर खरं तर क्षार मोजतच नाही, पाण्यातनं वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरनं अंदाज देतो. म्हणजे ४०० आकडा आला तर त्यात निरुपद्रवी कॅल्शियम आहे की नायट्रेट हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत, गटार मिसळलेलं पाणी पण मीटरवर छान आकडा दाखवू शकतं.

आता ती दारात येऊन करायची जादू. विक्रेता दोन ग्लास मागतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं (बारीक पडद्यातनं दाबानं पाणी गाळून क्षार काढणारं), दोन्हीत चार सळ्यांचं एक यंत्र बुडवून प्लग लावतो. दोन मिनिटात तुमच्या ग्लासातलं पाणी पिवळं, तांबडं, वर गाळ, बघवत नाही. त्याच्या ग्लासात काहीच नाही. मामी लोकं घाबरून तिथंच ॲडव्हान्स देतात. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते, यंत्रातल्या लोखंडी सळीची असते. क्षार असलेल्या पाण्यातनं वीज वाहते, सळीतलं लोखंड विरघळतं आणि गंज होऊन तरंगतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून गंज नाही. पुढच्या वेळी आला की त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव प्लग. ते पण तांबडं होतं. चेहरा बघण्यासारखा असतो.

आरओ वाईट असं नाही. फ्लोराईड, नायट्रेट किंवा खूप खारं पाणी असेल तर तो चांगला उपाय आहे, गावोगावी नाणं टाकून कॅन भरायचे जे प्लांट आहेत ते बहुतेक त्याच तत्त्वावर चालतात. पण राकसकोप धरणाचं पाणी येणाऱ्या घरात, जिथं क्षार आधीच कमी, तिथं आरओ कशाला? तिथं साधा फिल्टर किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरतं.

उकळलं की पाणी शुद्ध होतं ना?

जंतू मरतात. नीट खळखळून उकळी एक मिनिट आली की पिण्यापुरतं जंतूंचं काम झालं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण नायट्रेट, फ्लोराईड, मीठ यातलं काहीही उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, विशेषतः तान्ह्या बाळाला बाटलीचं दूध त्या पाण्यात कालवत असाल तर, कारण त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. विहिरीच्या बाजूला युरियाचा मारा असलेला ऊस किंवा उकिरडा असेल तर ही तपासणी कराच. फ्लोराईड १.५ च्या वर गेलं की दातावर डाग आणि पुढं हाडं. दोन्हीला ना रंग ना वास, लॅबमधेच कळतं.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार असते, मी म्हणतो येऊ दे. शेवटच्या नळापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला पाहिजे असं मानकच आहे. चार दिवसाआड पाणी येतं तेव्हा मधल्या काळात पाईप रिकामा असतो आणि फुटलेल्या जागेतनं शेजारच्या गटारातलं आत ओढलं जातं, पहिली दोन-तीन मिनिटं गढूळ पाणी येतं ते त्याचंच. तेवढं सोडून द्या, मग हंडे भरा. वास नको असेल तर पसरट भांड्यात उघडं ठेवा, निघून जातो.

बर्फ तरंगतो त्यात काय मोठं?

बाकी जवळजवळ सगळे पदार्थ गोठल्यावर आकसतात आणि स्वतःच्याच द्रवात बुडतात. पाण्यात हायड्रोजन बंध गोठताना रेणूंना लांब लांब पिंजऱ्यासारखं बसवतात म्हणून बर्फ पाण्यापेक्षा साधारण ९ टक्के जागा जास्त घेतो (फ्रीजरमधे काचेची बाटली फुटते ती यामुळंच). ४ डिग्रीचं पाणी वजनानं सगळ्यात जड, ते तळाला जातं, बर्फ वर राहतो आणि थंड देशातल्या तळ्यात मासे त्याखाली जिवंत राहतात. हिडकल धरणावर काही बर्फ जमणार नाही, त्यामुळं आपल्याला याचं कौतुक परीक्षेपुरतंच.

माठातलं पाणी गार होतं, पण पावसाळ्यात का होत नाही?

पाण्याला तापायला आणि उडायला खूप उष्णता लागते, पुन्हा तेच हायड्रोजन बंध तोडायला लागतात म्हणून. एक ग्रॅम पाणी एक डिग्री तापवायला ४.१८ ज्यूल, पण तेच एक ग्रॅम उकळत्या पाण्यातनं वाफ करायला २२६० ज्यूल. माठाच्या छिद्रातनं पाणी बाहेर झिरपतं आणि उडताना ही उष्णता आतल्या पाण्यातनं घेतं. दहा लिटरच्या माठातलं फक्त १०० मिली उडालं तर हिशेबानं आतलं पाणी पाच-सहा डिग्रीनं उतरतं, बाहेरची गरमी आत येत असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. खानापूरच्या मातीच्या माठाला आतून बाहेरून ऑईलपेंट लावून शोभेला ठेवणारी लोकं बघितलीत, मग तो गार कसा होणार, छिद्रंच बुजवली की.

पावसाळ्यात हवा आधीच बाष्पानं भरलेली, पाणी उडायला जागाच नाही. घामाचं पण तेच. मे महिन्यात अथणीत ४० डिग्रीला घाम लगेच वाळतो, पाणी पीत राहिलं तर माणूस तग धरतो, गोव्यात ३३ डिग्रीला पण घाम अंगावरच राहतो आणि जीव नकोसा होतो.

ऊसाला भरपूर पाणी दिलं तरी जमीन पांढरी पडून पीक का जातंय?

भरपूर दिलं म्हणूनच जातंय. कृष्णाकाठच्या, अथणी, रायबाग, चिक्कोडीकडच्या मामांना हे ऐकायला आवडत नाही पण दुसरं कारण सांगता येत नाही.

आधी झाड पाणी कसं पितं ते बघू. पानाच्या छिद्रातनं पाणी उडतं, आणि पाण्याचे रेणू एकमेकाला धरून असल्यामुळं वरचा गेला की खालच्याला ओढतो, अशी मुळापर्यंत अखंड तार लागलेली असते, कुठलाही पंप नाही. मुळात पाणी शिरतं ते ऑस्मोसिसनं, म्हणजे बाहेर क्षार कमी आणि मुळाच्या आत जास्त असतील तरच. बाहेर क्षार वाढले की मुळापाशी पाणी असून झाडाला ते घेता येत नाही. वाफ्यात पाणी उभं आणि ऊस तहानलेला, पानाची टोकं करपलेली, असं दिसतं ते म्हणून.

क्षार येतात कुठनं? थोडे कालव्याच्या आणि बोरच्या पाण्यातनं, थोडे खतातनं, बाकी मातीत खोल आधीपासूनच होते. काळी माती पाणी पटकन खाली सोडत नाही. पाट पाण्यानं सारखं भिजवत राहिलं की खालची पाणीपातळी वर वर येते, एकदा ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली की मातीच्या बारीक छिद्रातनं पाणी आपोआप वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढायचं तेच तत्त्व. वर येऊन पाणी उडतं आणि क्षार तिथंच राहतात. सकाळी बांधावर मिठासारखा पांढरा थर दिसतो तो हा.

सोडियम जास्त झाला की आणखी वाईट. मातीचे कण कॅल्शियममुळं गुठळ्या धरून असतात, सोडियम आला की गुठळ्या फुटतात, चिखल होतो, वाळला की दगड, पाणी मुरेना आणि मुळाला हवा मिळेना. चोपण जमीन म्हणतात ती हीच. त्यावर जिप्सम टाकतात, जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीवरनं हटवतो. पण हटवलेला सोडियम जाणार कुठं? वाट पाहिजे. जमिनीखाली भोकाचे पाईप घालून पाणी नाल्याला काढायची सोय नसेल तर जिप्समच्या पोत्यांचे पैसे मातीत. आणि पाईप एकट्यानं घालून उपयोग होत नाही, शेजारच्या चार जणांनी मिळून घालावं लागतं नाहीतर त्यांचं पाणी तुमच्यात. ठिबक केलं तर पातळी मुळातच वर येत नाही, ते सगळ्यात शहाणपणाचं.

एक अवांतर, झाड जो ऑक्सिजन सोडतं तो कार्बन डायऑक्साईडमधला नसतो, पाण्यातला असतो. १९४१ साली रुबेन, कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनची खूण केलेलं पाणी वापरून हे दाखवलं.

उन्हाळ्यात नदीत मासे मरूलेत, कुणी विष टाकलं काय?

विषच पाहिजे असं नाही, बहुतेक वेळा गुदमरून मरतात. पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. ० डिग्रीला लिटरमधे १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० डिग्रीला साडेसातच्या आसपासच. माशांना चार-पाच तरी लागतो. आता उन्हाळ्यात नदीला धार नाही, डबक्यासारखं पाणी थांबलेलं, त्यात साखर कारखान्याची मळी किंवा गावाचं सांडपाणी आलं की जिवाणू ती साखर खायला तुटून पडतात आणि खाताना उरलेला ऑक्सिजन संपवतात. मळी स्वतः विषारी नसली तरी परिणाम तोच. शेवाळं दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेही वापरतं, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मेलेले मासे सकाळी दिसतात त्याचं कारण हे. पाण्याचा नमुना दुपारी बारा वाजता घेतला तर रिपोर्ट चांगला येणार, तक्रार करायची असेल तर पहाटेचा नमुना घ्यायला लावा.

जुलाब झाल्यावर नुसतं पाणी का चालत नाही, साखर-मिठाचं पाणी म्हणजे ओआरएसच का?

आतड्यात पाणी ओढून घेणारा पंप नसतो, पाणी क्षाराच्या मागनं जातं. आतड्याच्या पेशीत सोडियम शिरायचा एक दरवाजा असा आहे की तो ग्लुकोज बरोबर असेल तरच उघडतो, आणि पटकीसारख्या (कॉलरा) रोगात पण हा दरवाजा चालू राहतो. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही पाहिजे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपातनं प्यायला दिलं आणि तिथला पटकीनं होणारा मृत्यूदर ३० टक्क्यांवरनं ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त मीठ बाळाला घातक. आणि पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या पाण्यात ते सगळं एकदम घाला, अर्धं आज अर्धं उद्या असं करून प्रमाण बिघडतं. बाळ सुस्त पडलं, लघवी होईना, तर घरी प्रयोग न करता सरळ दवाखाना.

अल्कलाईन (आम्लाच्या उलट, पीएच ७ च्या वरच्या) पाण्याचं मशीन घ्यावं का?

नको. पोटातलं आम्ल पीएच २ च्या आसपास, तुमचं ते महागडं पाणी तिथं पडलं की संपलं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मधे फुप्फुस आणि मूत्रपिंड राखतात, बायकार्बोनेटच्या जोरावर, फुकटात.

तांब्याच्या घागरीतलं पाणी?

चांगलं. रात्रभर ठेवलं की विरघळलेलं थोडंसं तांबं बऱ्याच जंतूंना मारतं. फक्त पाणी मुळात स्वच्छ गाळलेलं पाहिजे आणि त्यात ताक, लिंबू, कोकम असलं आंबट ठेवू नका, तांबं जास्त सुटतं आणि मळमळतं.

आरओमधनं वाया जाणारं पाणी झाडाला चालतं का?

तुमचं मूळ पाणी कसं आहे त्यावर. मशीन जेवढं गोडं पाणी देतं त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी नळीतनं सोडून देतं आणि काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. मूळ टीडीएस तीनशेच्या आत असेल तर बाहेर पडणारं पाणी अंगणातल्या नारळाला, केळीला चालून जातं. मूळ हजाराच्या वर असेल तर कुंडीत अजिबात घालू नका, कुंडीतनं क्षार बाहेर जायला वाट नसते, काही महिन्यात वरची माती पांढरी पडते आणि गुलाब आधी जातो. त्या पाण्यानं फरशी पुसा, संडासात वापरा, गाडी धुवा, फक्त गाडी धुऊन झाली की काच लगेच कोरडी पुसून घ्या नाहीतर वाळल्यावर चुन्याचे ठिपके राहतात आणि मग ते काढायला परत लिंबू लागतंय.